नकाशाचा उजवा कोपरा

आमचा छापखाना नकाशांचा. मालकांचं ठाम मत असं, की कोपरा कोरा दिसला की गिऱ्हाईक म्हणणार, ‘यांना काही ठाऊक नाही’, आणि नकाशा परत ठेवणार. म्हणून माहिती नसेल तिथे काहीतरी ठोकून द्यायचं. कुठे डोंगर, कुठे तळं. एका वर्षी उजव्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं, ‘सोन्याचा देश’. छापून आलेल्या नकाशांत हाताने रंग भरायचं काम माझं. मी पिवळा भरला.

माझा नवरा गवंडी, दुसऱ्यांच्या भिंती बांधून विटलेला. त्याने तो नकाशा घरात टांगला आणि महिनाभर त्याच्याकडे बघत जेवला.

मी म्हटलं, “अरे, तिथे काही नाही. जागा रिकामी होती म्हणून रंगवलंय.”

“बायकांना काय, नवरा घरात बसलेला बरा,” तो हसून म्हणाला. चार दिवसांनी थापी-ओळंबा पिशवीत टाकून चालता झाला.

तीन वर्षं काही खबर नाही. शेजारीण विचारायची, “काय गं, सोन्याच्या विटा आल्या का?” मी सांगायची, “वाटेत आहेत.” दार लावलं की मात्र रडू आवरायचं नाही.

मग पत्र आलं. ‘नकाशातल्या जागी पोचलो. नुसते दगड आणि चार शेळ्या. मालकांना सांग, देश बहुतेक अजून पूर्वेला असेल. तुझं उत्तर येईपर्यंत इथल्या खानावळीत थांबतो.’

मी त्याच दिवशी लिहिलं, ‘देश बिश काही नाही. मालकांनी मनाने लिहिलंय. मला तू हवा आहेस, घरी ये.’ आणि त्याचं पत्र घेऊन मालकांकडे गेले. म्हटलं, आता तरी ते नाव काढा.

मालकांनी पत्र दोनदा वाचलं. “बरं झालं कळलं,” ते म्हणाले आणि नव्या आवृत्तीत सोन्याचा देश दोन बोटं उजवीकडे सरकवला.

ते कागद माझ्याच टेबलावर आले. रंग भरायला नकार देता आला असता, पण काम गेलं असतं. मी मनाची समजूत घातली, की माझं पत्र पुढे गेलंय. हे नकाशे बाजारात पोचेपर्यंत तो घरी आलेला असेल. अक्कल गहाण पडते म्हणतात ती अशी.

दोन महिन्यांनी त्याचं उत्तर आलं.

‘तुझं पत्र मिळालं. निघायची तयारीही केली होती. पण काल खानावळीत नवा नकाशा आला. मी म्हटलं तसाच देश सरकवलाय, म्हणजे मालकांनी चौकशी केलीच असणार. आणि रंग तुझ्या हातचा आहे, मी लगेच ओळखला. एक थेंब रेषेबाहेर नाही. इतकं मन लावून भरलंस, आणि मला लिहितेस काही नाही म्हणून! वेडी आहेस. उद्या पहाटे पुढे निघतो.’

पत्रावर पत्ता नव्हता.