तात्यांच्या अँबॅसिडरची डिकी

उद्या स्वरूपाचं लग्न, आणि तात्यांच्या अँबॅसिडरची डिकी उघडत नव्हती.

स्वरूपा माझी बहीण. तात्या आमचे आजोबा. नातीची पाठवणी आपल्याच गाडीतून, स्वतः चालवत करायची, हे त्यांनी अख्ख्या कळस गावाला सांगून ठेवलेलं. त्यासाठी इंदापूरच्या गोकुळ मिस्त्रीनं शेडमधली, कोंबड्यांच्या ताब्यातली गाडी पुन्हा उभी केली. इंजिन झालं, सीटा झाल्या, पांढरा रंग झाला. कोंबड्यांचं पुनर्वसन झालं. राहिली डिकी. आणि रुखवत डिकीतच जाणार, रिकाम्या डिकीनं पोरगी धाडायची नाही, असा तात्यांचा नियम. नियम त्यांनी सकाळीच केला होता.

गोकुळनं किल्ली फिरवली. किल्ली फिरली, झाकण हललं नाही. तेल सोडून झालं. त्यानं पहार उचलली तसे तात्या आडवे आले.

"रंगाला चरा पडला तर तुलाच डिकीत घालीन."

"घाला की तात्या. पर आदी उघडाय तर पायजे."

तात्या गाडीभोवती फिरत राहिले. मांडववाला काहीतरी विचारायला आला, तोही त्यांच्या मागं दोन फेऱ्या मारून न विचारताच गेला.

रंग न जाळता गरम करायचं म्हणून मी स्वरूपाचा ड्रायर आणला.

"दीपक, केसांचा हाय त्यो!" ती ओरडली. अंगभर हळद होती म्हणून मी वाचलो.

थोड्या वेळानं कुलपातनं एक काळपट थेंब आला.

"ऑइल," गोकुळ म्हणाला.

मी बोट लावून चाटलं. गोड होतं. तात्यांनीही चाटलं आणि जागेवर थांबले. दिवसभरात पहिल्यांदाच.

"काकवी हाय. बावड्याच्या गुऱ्हाळावरनं कॅन आनलेला. सापडंना, तवा हिनंच शेजारी वाटली म्हनून भांडलो."

"आजून भांडताय," आजी मांडवातनं म्हणाली.

पत्र्याच्या शेडमधल्या उन्हाळ्यांनी काकवी फसफसली होती, कॅन फुटला होता आणि कुलपासकट सगळं चिकटलं होतं. पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी बंबातनं आणून ओतलं. झाकण उघडलं. आतनं मुंगळे निघाले. निवांत, भाडं वेळेवर भरणाऱ्यांसारखे.

गाडी धुतली, पुसली, पुन्हा धुतली. मुंगळे कमी झाले. संपले, असं फक्त तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाठवणीला डिकीत रुखवत, मागं स्वरूपा आणि बारामतीचा नवरदेव सौरभराव, पुढं मी, स्टेअरिंगवर तात्या. बँडच्या मागं गाडी वेशीपर्यंत गेली आणि सौरभराव चुळबुळू लागले. मग त्यांनी गाडीतच उभं राहायचा प्रयत्न केला. शेवटी दार उघडून खाली उतरले आणि शेरवानी झटकत उड्या मारू लागले.

बँडवाल्यांनी ते पाहिलं आणि ठेका वाढवला. वऱ्हाडातले मामा लोक फेटे सावरत सामील झाले. सौरभराव काहीतरी ओरडत होते. ताशात ऐकू आलं नाही.

स्वरूपा रडायची थांबली होती. शालू आवळून, दोन्ही पाय सीटवर घेऊन बसली होती.

"तात्या, आता थांबू नका. बारामतीपत्तोर एका दमात घ्या."

तात्यांनी आरशात बघितलं. "आन जावई?"

"येतील नाचत."

तात्यांनी पहिला गिअर टाकला.