दोन्ही टोकांना दोरी

वच्छलाचं पत्र दिवाळीनंतर आलं. संक्रांत उलटून गेली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. वच्छला ही माझ्या थोरल्या बहिणीची, पार्बताबाईची सून. अकोल्याला मोर्णेच्या काठी त्यांचा भाजीचा मळा आहे. तिचा नवरा गोवर्धन, म्हणजे माझा भाचा, तापानं गेला तेव्हा त्यांची मुलगी रांगत होती. तिला बापाचं तोंड आठवत नाही, आणि घरात त्याचा एकही फोटो नाही. एक जाहिरात तेवढी आहे. अमरावतीच्या एका आखाड्यानं मल्लखांबाच्या खेळाची छापली होती, तिच्यावर गोवर्धनचं चित्र आहे.

मल्लखांब उंच आणि अरुंद, म्हणून जाहिरातही तशीच. दीड हात रुंद आणि उंचीला वच्छलापेक्षा मोठी. रस्त्यातल्या खांबांवर चिकटवायला केलेला हलका कागद. वच्छलानं लिहिलं होतं, "तसबीरवाला म्हणतो की एवढी लांब काच मिळत नाही, दोन तुकडे करून देतो. गुंडाळून ठेवलं तर कसर लागते. तुम्ही वाचनालयात नकाशे कापडावर चढवत होता. आम्हाला घरच्या घरी काही करता येईल काय ते कळवावे."

करता येईल हे मला माहीत होतं. तीस वर्षं तेच केलं. पण नकाशा बिघडला तर दुसरा मागवता येतो. इथं माझ्या सांगण्यावरून तिनं कागद ओला केला आणि शाई फुटली, तर त्या घरातून गोवर्धन दुसऱ्यांदा गेला असता. दोनदा लिहायला बसलो आणि उठलो. मला जे येतं ते खरंच येतं की नाही, याची खात्री मला कधी वाटली नाही.

माघात मूर्तिजापूरला एका लग्नाला गेलो होतो, तिथून धीर करून अकोल्याला उतरलो. पार्बताबाईनं, आमच्या बाईनं, दारातच धरलं.

"आला काय वामन्या! हे पोट्टी चार महिने झाले टपालवाल्याची वाट पाहून राहिली. हात मोडला होता काय तुहा?"

"नाही बाई. विचार करत होतो."

"इचारातच म्हातारा झाला तू."

वच्छलानं पाणी दिलं आणि गुंडाळी काढून सतरंजीवर उलगडली. गोवर्धन खांबाला पायांनी विळखा घालून, डोकं खाली, दोन्ही हात पसरलेले, असा होता. हसत होता. वर मोठ्या लाल अक्षरांत आखाड्याचं नाव. उलगडताना त्याच्या हाताच्या कोपराजवळचा नखाएवढा कागद सुटून पडला. बाईनं तो उचलला आणि पदराच्या गाठीत बांधला.

"मामाजी, तुमी पुस्तकाईले खळ लावत होते नं," वच्छला म्हणाली. "याले लावता येते काय? मधल्या भितीले आढ्याखाली उंची हाये. तिथं मावते."

"मावते, पण कसं?" बाई म्हणाली. "माह्या लेकाले उलटं टांगून ठेवू काय? तो का वटवाघूळ हाये? मेलेल्या मानसाचं तोंड कोनी खाली करते काय, वामन्या? तूच सांग."

"आत्याबाई, मल्लखांबावर असंच असते जी. त्याईची कसरतच होती ते."

"जित्ता होता तवा होती. आता त्याले निवांत उभं राहू दे."

"मंग अक्षरं उलटे होतीन. दारात येनारे हासतीन."

"हासू दे! मेथी घ्याले येते ते, वाचाले नाई येत."

वच्छलाचे डोळे भरले. "त्याईचं नाव हाये जी त्याच्यात, खाली. पोरीले वाचून दाखवतो मी. तेबी उलटंच दाखवू?"

मग दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. आडवं लावावं काय, असं मी पुटपुटलो.

"आडवं? म्हंजे मेल्यावर भुईवर घेतल्यावानी?" बाई म्हणाली आणि चुलीकडे निघून गेली.

मी संध्याकाळच्या गाडीनं परत निघालो. मी उत्तर न दिल्यानं कागद काही शाबूत राहिला नव्हता, हे बडनेऱ्यापर्यंत डोक्यातून गेलं नाही.

घरी आल्यावर तसल्याच हलक्या कागदाची एक जुनी जाहिरात शोधली. तीही लाल अक्षरांची. कोपऱ्याला ओलं फडकं दाबून पाहिलं, लाल उतरला नाही. मांजरपाटाचं धुतलेलं कापड दारावर ताणून बसवलं. मैद्याची पातळ खळ शिजवली, किडीसाठी त्यात चिमूटभर मोरचूद घातलं. कागद पाठीमागून ओलसर केला, खळ कापडाला लावली, आणि मधून कडेला हात फिरवत चढवला. वाळल्यावर चिरलेल्या कळकाच्या दोन काड्या दोन टोकांना शिवल्या. गुंडाळलं, उलगडलं, पुन्हा गुंडाळलं. कुठं तडा नाही.

दोरी बांधून खिळ्याला अडकवलं तर अक्षरं उलटी. दोरी मी खालच्या काडीला बांधली होती. स्वतःवर चिडून गाठ सोडायला लागलो आणि थांबलो. ती दोरी तशीच ठेवली, दुसरी वरच्या काडीला बांधली. काढून फिरवलं, लावलं. पुन्हा फिरवलं. एका माणसाचं, एका हाताचं काम.

मग पत्र लिहिलं. सगळी रीत सांगितली, आधी लाल अक्षराचा कोपरा तपासून पाहा हे पहिल्याच ओळीत. शेवटी लिहिलं :

"वरच्या आणि खालच्या, दोन्ही काड्यांना दोरी बांध. रोजच्याला बाईच्या मनासारखं लाव, गोवर्धनचं तोंड वर. मुलीला नाव वाचून दाखवायचं असेल तेव्हा फिरव. बाईच्या पदरातला तुकडा आधी मागून घे, तो जागेवर बसतो. तिला हे वाचून दाखव आणि उत्तराला उशीर झाला त्याबद्दल जे बोलेल ते मला कळव."

पाकीट पेटीत टाकलं आणि घराकडे वळलो. चौकात येईपर्यंत शंका आली की सावलीतच वाळव, उन्हात कापड आकसतं, हे लिहिलं की राहिलं. आठवेना. परत टपाल कचेरीत गेलो, कार्ड घेतलं, तिथल्याच टाकानं तेवढं एक वाक्य लिहिलं आणि तेही टाकलं.