चिमणीची सही

मित्रांनो, मी एक जुनी चिकटवही आहे आणि माझ्या पहिल्या पानावर आता चित्र नाही. ते कसे आले आणि कसे गेले, एवढेच मला सांगायचे आहे. अंगावरची धूळ तर तुम्हाला दिसतेच आहे.

मी अलेक्झांड्रियाची. लोक ज्यांना उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणत त्या फरहात शिंप्यांच्या दुकानात मी कापडाचे नमुने सांभाळत असे. जाड तपकिरी पाने, पानापानावर लोकरीचा तुकडा. गिऱ्हाइके बोटांनी चाचपायची आणि मला गुदगुल्या व्हायच्या. पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले. तुकडे उचकटले गेले आणि मी रिकामी होऊन उस्तांच्या लेकीच्या, इन्शिराहच्या मांडीवर आले.

इन्शिराह डावरी होती. आमच्याकडे डाव्या हाताने घास घेतला तरी आत्या डोळे वटारते, मग लिहिण्याची काय कथा! शाळेत बाई तिचा डावा हात तिच्याच केसांच्या फितीने बाकाला बांधून ठेवायच्या. घरी उस्ता म्हणायचे, "अगं माझे आई, उजव्या हाताला काय मेंदी लावलीय का?" सगळे हसायचे. ती हसायची नाही.

एका गुरुवारी मुलांच्या मासिकात तिला एक चित्र सापडले. खिडकीपाशी एक मुलगी पत्र लिहीत बसली होती. वेणी सुटत आलेली, जीभ दातांत धरलेली. बाहेर समुद्र होता, पण तो काढलेलाच नव्हता. चित्रकाराने कागद नुसता कोरा सोडला होता आणि तरी बघणाऱ्याला थंडी वाजायची. आणि लेखणी? लेखणी डाव्या हातात!

इन्शिराहने वडिलांची कात्री घेतली. ती उजव्या हातासाठी घडवलेली, डाव्या हातात आली की कागद कापत नाही, चावते. चित्राची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली. पिठाच्या खळीने तिने ते माझ्या पहिल्या पानावर चिकटवले आणि मला छातीशी धरून कुजबुजली, "बघितलंस? कुणीतरी आहे."

मग चित्रे वाढत गेली. एकाने चार रेषांत थकलेले गाढव काढले होते. एकाने बाजारातल्या प्रत्येक माणसाला वेगळी चप्पल घातली होती. एक बाई चेहरा दाखवायची नाही, नुसती पाठ काढायची, आणि ती पाठच रडायची. इन्शिराह प्रत्येक चित्राखाली नाव लिहून ठेवायची. 'ह्यांच्याकडून गाढव शिकले.' 'हिच्याकडून पाठ.' पहिल्या पानाखाली मात्र जागा रिकामी राहिली. चित्राच्या कोपऱ्यात सही म्हणून नुसते एक वेटोळे होते, त्यावर एक ठिपका. शेपटी उडवणारी चिमणीच जणू. ती त्या चित्रकाराला चिमणीवाला म्हणायची. पुढच्या एकाही अंकात ती चिमणी पुन्हा दिसली नाही.

ती मोठी झाली. शाळेच्या पुस्तकांत चित्रे काढू लागली, डाव्या हाताने. ध्यास एकच होता, चिमणीवाला जिवंतपणी भेटावा. केसांत पांढरे आले तेव्हा तिला कळले की बंदराजवळच्या कहवाखान्यात जुने चित्रकार गुरुवारी जमतात. मला काखेत घेऊन ती गेली.

"उस्ताद, ही सही कुणाची?"

एका टकल्या चित्रकाराने मला जवळ ओढले आणि तो खो खो हसला. "चिमणी कसली गं! सही उलटी आहे ही. छापखान्यात चित्राची फिल्म पालथी पडली होती, म्हणून सगळंच उलटं छापलं. जा, आरशात धर."

भिंतीवर डाग पडलेला मोठा आरसा होता. तिने मला त्याच्यापुढे धरले. वेटोळ्याची अक्षरे झाली. वासिफ. आणि मुलीची लेखणी उजव्या हातात गेली.

इन्शिराहने मला आरशापासून दूर केले आणि पुन्हा समोर धरले. "म्हणजे ती डावरी नव्हतीच?"

"छे! पण गहजब केवढा! पोरांना वाईट वळण लावता म्हणून आईबापांची पत्रांवर पत्रं. फिल्म पालथी पडली, हे ऐकतो कोण? वासिफला काढून टाकलं. त्यानंतर गड्यानं कुंचला धरला नाही. काय रे वासिफ?"

कोपऱ्यात एक म्हातारा चाचपडत सोंगट्या डबीत भरत होता. डोळ्यांवर दुधासारखा पडदा आलेला. "मेल्या, तोंड आवर," तो म्हणाला. मग तिच्या आवाजाच्या दिशेने वळला. "लेकी, फेकून दे ते. माझी लाज आहे ती."

इन्शिराह त्याच्यासमोर बसली. "उस्ताद, माझा हात बाकाला बांधायचे. वाटायचं, अख्ख्या इजिप्तमध्ये माझ्यासारखी एकच आहे आणि ती तुमच्या खिडकीत बसलीय. तिच्या भरवशावर मी काढत राहिले."

म्हाताऱ्याचा मेथीचा काढा निवून गेला. मग त्याने तिचा डावा हात शोधून धरला आणि बोटावरचा घट्टा अंगठ्याने दाबून पाहिला.

"समुद्र कोराच आहे ना अजून? पिवळा पडला असेल."

"पडलाय."

"हं. संध्याकाळ झाली म्हणायची."

त्याच हिवाळ्यात तो गेला. वर्तमानपत्रात एक ओळसुद्धा आली नाही. इन्शिराहने माझ्या पहिल्या पानाखाली सुलट अक्षरांत लिहिले, 'वासिफ. ह्यांच्याकडून हात शिकले.'

आता तीही नाही. भाच्यांनी घर रिकामे केले आणि मी जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर आले. इथे लोक भिंतीवर लावायला सुटी चित्रे मागतात. गाढव गेले, चपला गेल्या, रडणारी पाठ गेली. परवा एका गिऱ्हाइकाला खिडकीतली मुलगी आवडली. ठेलेवाल्याने पट्टी घालून ती उचकटली. मला दात असते तर मी ते रोवले असते.

"खालचं नावही फाडून देऊ का, साहेब?"

"नाव कशाला? चित्र छान आहे."

म्हणून माझ्या पहिल्या पानावर आज कुरतडलेल्या कडेचा खळीचा डाग आहे आणि त्याखाली नाव. पूर्वी कित्येक वर्षे चित्र होते, तेव्हा नाव नव्हते.

मित्रांनो, एखादे चित्र आवडले तर जरा त्याच्या कोपऱ्यात वाकून बघा. तिथे कुणाची तरी चिमणी बसलेली असेल. ओळखू आली नाही तर आरसा आणा, पण तिला नावाने हाक मारा आणि लवकर मारा. माझ्या चिमणीवाल्याला हाक पोहोचली तेव्हा त्याला स्वतःचा समुद्रही दिसत नव्हता.