सत्तावन्न सालचा तट

ग्रासिंडाच्या गुडघ्यांनी दुपारीच संप पुकारला होता. पोर्तुगालमधल्या त्या लहानशा गावाचा तट पर्यटकांना दाखवत ती सव्वीस वर्षं हिंडत होती, आणि आजची ही तिसरी खेप. तटावरची वाट जेमतेम दोन हात रुंद, गावाच्या बाजूला कठडा नाही. ऊन मी म्हणत होतं. मागे वीस माणसं, आणि तोंडात तेच पाठ झालेलं, "आठशे वर्षांपूर्वीचा हा दगड..."

"हा नव्हे," मागून कुणीतरी म्हणालं.

एक म्हातारा बाहेरच्या बाजूच्या कठड्याला पाठ टेकून खालीच बसला होता. शेजारची त्याची मुलगी ओशाळली. "बाबा, पुरे ना आता!"

"पुरे काय? सत्तावन्नच्या हिवाळ्यात हा तुकडा आम्ही बांधलाय. मी आणि माझा मेहुणा फिर्मिनो. पार त्या बुरुजापर्यंत. जुना सगळा ढासळला होता. गावातल्या कोंबड्या ये-जा करायच्या इथून."

लोक हसले. ग्रासिंडाला हसू आलं नाही, रागही आला नाही. तेवढं त्राणच नव्हतं. "काका, सव्वीस वर्षं मी हेच सांगतेय लोकांना."

"मग सव्वीस वर्षं थापा मारतेयस, पोरी."

"पोरी कसली! माझाही जन्म सत्तावन्नचाच."

"मग शोभतेस की या भिंतीशेजारी."

लोकांना तिने त्याच्या मुलीबरोबर पुढच्या जिन्याने खाली पाठवलं आणि स्वतः त्याच्याजवळ बसली. पाहुण्यांच्या वेळेत ती कधी बसत नसे.

"फिर्मिनो मार्चमध्ये गेला," म्हातारा म्हणाला. "म्हटलं, एकदा बघून यावं. चढलो खरा, आता उतरवत नाही." त्याने एका दगडाच्या कडेवरून बोट फिरवलं. "हा त्याच्या हातचा. सांधा बघ. मला नाही कधी असा जमला."

तिने बोट फिरवलं. खरंच, नखसुद्धा शिरत नव्हतं.

मग दोघं उतरली. त्याचा हात तिच्या खांद्यावर, तिचा भिंतीवर. दर तिसऱ्या पायरीला थांबा.

"कोण कुणाला उतरवतंय?" खालून मुलगी ओरडली.

"तेच ठरवतोय आम्ही!" ग्रासिंडा म्हणाली.

पाहुण्यांची बस गेल्यावर तिने ऑफिसला फोन लावला. पाच वाजताची मंडळी आज दुसऱ्या कुणाला तरी द्या, म्हणाली. पलीकडून कारण विचारलं.

"दमलेय," ती म्हणाली. सव्वीस वर्षांत हा शब्द तिने त्यांना पहिल्यांदाच ऐकवला होता. मग घरी जाऊन तिने कोबीचं सूप गरम केलं, आणि वाडगं अर्धं असतानाच खुर्चीत तिचा डोळा लागला.