वीतभर कमी

मोजणीदाराने तंबूचा नकाशा काढला तो कचेरीतल्या टेबलावर, जेवणाच्या सुट्टीत. चार-पाच जण भोवती गोळा झाले. एकाने विचारलं, "ही कुणाची जमीन?" तो म्हणाला, "जमीन नाही, आईची खोली." आणि मग त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं.

गोष्ट साधीच होती. घरात आठ माणसांचा, दोन खोल्यांचा मोठा तंबू होता. दरवर्षी सगळे तळ्याकाठी चार दिवस जाऊन राहत. आई आजवर कधी आली नव्हती. या वर्षी अचानक म्हणाली, मीही येते. पण तिचे गुडघे वाकत नव्हते. तंबूच्या दारातून सगळे ओणवे होऊन आत शिरत, ते तिला जमणार नव्हतं. खाली गादीवर झोपणंही नाही, खाट हवी. शिवाय मोजणीदाराचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, असा घोरायचा की आईने आधीच बजावलं होतं, "त्याच्या खोलीत मला झोपवलंत तर मी पहाटे चालत घरी येईन."

म्हणून तंबूला एक खोली जोडायची ठरली. बाजूची भिंत कापून तिथे चेन लावायची, पलीकडे नवी खोली, उभ्याने जाता येईल असं दार, आणि छत उचलून धरायला मधोमध एक उंच खांब. विकत मिळाली असती तर घेतली असती, असं मोजणीदार म्हणायचा, पण ते खरं नव्हतं. त्याला ती स्वतः करायची होती. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या हद्दी आखण्यात गेली होती. आपल्या हातची एखादी उभी गोष्ट असावी, असं त्याला फार दिवस वाटत होतं.

शिवण मात्र ताईची. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. ट्रकच्या अड्ड्यामागे तिची पत्र्याची शेड होती आणि तिथे ती ताडपत्र्या, मालावरची आच्छादनं, मोटारींची कव्हरं शिवायची. जाड कापड तिच्या मशीनखालून असं सरकायचं की जणू ओढणीच शिवतेय. त्याने घरी दिवाणखान्यात कापड पसरून, खडूने आखून, तुकडे कापून तिच्याकडे नेले. तिने गठ्ठा उलगडला, बोटांनी कडा चाचपल्या.

"शिवणीसाठी माया ठेवलीस ना?"

"चारी बाजूंनी दोन-दोन बोटं."

"आणि छताला मध्ये उंची दे हं. पाणी थांबता कामा नये. कापड फाटत नाही रे, पाण्याचं ओझं त्याला फाडतं."

"ताई, मोजमाप माझ्यावर सोड," तो हसत म्हणाला. तीही हसली, आणि दोन संध्याकाळी बसून तिने सगळं शिवून दिलं. खांबाचं टोक जिथे टेकणार तिथे तिने कापडाचे तीन थर घातले होते. ते त्याने सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी तो एकटाच गच्चीवर तंबू उभा करून बघायला गेला. जुना तंबू उभा राहिला. नवी खोलीही जोडली गेली. पण मधला खांब काही केल्या छताखाली उभा होईना. उभा करावा तर चारी भिंती जमिनीपासून वर उचलल्या जात. त्याने दोनदा जोर लावला, मग टेप काढून मोजलं, आणि चूक कुठे झाली ते त्याला दिसलं.

जमिनीचा नकाशा सपाट असतो. टेकडी असली तरी कागदावर ती सपाटच मोजायची, ही त्याच्या हाताची सवय. छतासाठी त्याने खोलीच्या तळाचंच माप घेतलं होतं. कापड वर चढून पुन्हा खाली उतरतं, त्या चढ-उताराला जास्त लागतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. एखाद्या नव्या उमेदवाराने अशी चूक केली असती तर त्याने त्याला आठवडाभर टोचून खाल्लं असतं.

ताईला फोन केला असता तर तिने तासाभरात मध्ये पट्टी जोडून दिली असती. फोन खिशातच होता. पण तिला काय सांगायचं? "मोजमाप माझ्यावर सोड" म्हणून अजून आठवडा झाला नव्हता. कचेरीतल्या सगळ्यांनी नकाशा पाहिला होता. तो खाली गेला, लोखंड कापायची करवत घेऊन आला आणि त्याने खांब वीतभर कापला. आता खांब बसला. छत जवळजवळ सपाट झालं. दिसायला उलट जास्तच नेटकं दिसत होतं. चार दिवसांचा तर प्रश्न, त्याने स्वतःला सांगितलं, आणि आभाळ तर कोरडं आहे.

तळ्याकाठी पहिले दोन दिवस त्याच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. आई उभ्याने खोलीत शिरली, खाटेवर बसली, सगळीकडे बघून म्हणाली, "घरच्यापेक्षा इथे वारा बरा आहे." शेजारच्या तंबूतली माणसं बघायला आली. मेहुणा त्यांना फिरवून दाखवत होता, "सगळं आमच्या भाऊजींनी केलंय. पुढच्या वर्षी वरचा मजला चढवणार आहेत."

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि पाऊस आला. जोराचा नव्हता, पण लागून राहिला. ताईसकट सगळे मोठ्या खोलीत पत्ते खेळत होते. आई पलीकडे झोपली होती. मोजणीदाराच्या हातातल्या पानांत त्याचं लक्ष नव्हतं. छतावरचा आवाज बदलत चालला होता. आधी टपटप होती, मग काहीच ऐकू येईना. त्याला कळलं की वर पाणी साचतंय. उठावं, काठीने खालून ढकलून पाणी काढावं, असं मनात आलं. पण मग सगळ्यांनी विचारलं असतं, पाणी साचलंच कसं? तो आणखी एक डाव बसून राहिला.

आवाज कापड फाटल्याचा आला, आणि पाठोपाठ आईची हाक. तो धावला तेव्हा खांब आडवा पडला होता, छत खाटेवर आलं होतं आणि आई त्या ओल्या कापडाखाली हात झाडत होती. ताईने तिला बाहेर काढलं. आई नखशिखांत भिजली होती, आणि डाव्या मनगटाला हात लावू देत नव्हती. खाली येणारं छत अडवायला तिने तोच हात वर केला होता.

आईला कोरड्यात बसवून पांघरूण घातल्यावर मेहुण्याने फाटलेली बाजू उचलून पाहिली. तो मनाने वाईट माणूस नव्हता. जे वरवर दिसलं तेच तो बोलला.

"शिवणीतून गेलंय. ताई, घाई झाली वाटतं?"

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ताई वाकून आडवा पडलेला खांब उचलत होती. तिने तो बाजूला ठेवला. क्षणभर तिने मोजणीदाराकडे पाहिलं, आणि मग म्हणाली, "असेल. शिवण माझीच आहे."

बोलायचं ते तिथेच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं त्याने. पण आई कण्हत होती, बायको गाडीच्या किल्ल्या शोधत होती, आणि ताईचं वाक्य असं तयार, पुरं होऊन समोर पडलं होतं की त्याला फक्त गप्प राहायचं होतं. तो गप्प राहिला.

मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. ताई रोज शेडवर जाण्याआधी यायची, आईची वेणी घालायची, ब्लाउजच्या गुंड्या लावून द्यायची. आईला एका हाताने काहीच जमत नव्हतं, आणि तिची चिडचिड निघायची ती ताईवरच. "परक्यांच्या ताडपत्र्या बऱ्या शिवतेस," ती म्हणायची. ताई कंगवा फिरवत राहायची. मोजणीदार बाहेरच्या खोलीत बूट घालत हे ऐकायचा, नाडी दोनदा बांधायचा, आणि आत न डोकावता निघून जायचा. कचेरीत कुणी विचारलं, "काय, खोली कशी झाली?" तर तो म्हणायचा, "पाऊस लागला." त्या दिवसांत त्याला टेप हातात घेववत नसे. दुसऱ्याला धरायला लावायचा आणि आकडा फक्त लिहून घ्यायचा.

ताईने दोनदा विचारलं, "तंबू पाठव की, बघते कुठे उसवलंय." दोन्ही वेळा त्याने काहीतरी थाप मारली. एका संध्याकाळी तो घरी आला तर बाल्कनीतला गठ्ठा नव्हता.

"ताई घेऊन गेल्या," बायको म्हणाली. "खांबसुद्धा."

तो तसाच उलट्या पावली निघाला. शेडमध्ये मशीन बंद होतं. तंबू जमिनीवर पसरलेला, आणि ताई त्याच्या मधोमध मांडी घालून बसली होती. तिने त्याला जवळ बोलावलं आणि कापड हातात दिलं. शिवण शाबूत होती, टाका न् टाका. तिला लागून कापड फाटलं होतं.

"ताई," तो म्हणाला. "छत कमी पडलं होतं. माझ्या मापाने. मी खांब कापला."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी खांब उचलला ना. टोक ताजं कापलेलं होतं, हाताला लागलं." तिने तळहात उलटा करून पाहिला, जणू अजून तिथे काही असेल. "मला वाटलं, गाडीत बोलशील. मग वाटलं, आईचं प्लास्टर होऊ दे, मग बोलशील. आज एकोणीस दिवस झाले."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने ओरडावं असं वाटत होतं. ती ओरडली नाही.

"तू तेव्हाच का नाही सांगितलंस सगळ्यांना?"

"ते मी सांगायचं होतं का?" ती उठली, पदर झटकला. "आणि मी रागावले नाही असं समजू नकोस. आई रोज बोलते ते मला लागतं. तू बाहेर बूट घालत असतोस, तेही मला ऐकू येतं."

त्याच रात्रीच्या जेवणाला त्याने सांगितलं. मेहुणाही होता. मोजणीदाराने ताटावरून नजर उचलली नाही, पण काही गाळलंही नाही: सपाट माप, करवत, आणि तो आणखी एक डाव बसून राहिलेला.  मेहुण्याने घास खाली ठेवला. बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आई म्हणाली, "हात मोडला त्याचं काही नाही." मग म्हणाली, "मी त्या पोरीला काय काय बोलले." दुसऱ्या दिवशी ताई आली तेव्हा आईने दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते त्याला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला नाही हे त्याला कळत होतं.

ताईने नवं छत शिवून दिलं. मापं तिनेच घेतली. त्याने फक्त टेपचं दुसरं टोक धरलं. नवा खांब आला. पुढच्या वर्षी सगळे पुन्हा तळ्याकाठी गेले, आई पण गेली. ताई या वेळी एक लहानसा तंबू घेऊन आली, दोन माणसांचा, नवा, आणि तो तिने झाडापलीकडे पंचवीसेक पावलांवर लावला.

"इकडे जागा आहे की एवढी," मेहुणा म्हणाला.

"मला पहाटे जाग येते. तुमची झोपमोड नको," ताई म्हणाली.

 सकाळी मोजणीदार चहाचे दोन पेले घेऊन तिच्या तंबूशी गेला आणि बाहेरच उभा राहिला. तिने आतून विचारलं, "कोण?" त्याने सांगितलं. चेन उघडायला थोडा वेळ लागला. मग तिने हात बाहेर काढून पेला घेतला, सरकून जागा केली, आणि तो वाकून आत शिरला.