निरोप कुणी द्यायचा

आमच्या बस डेपोत माणूस निवृत्त झाला की त्याची युनियन त्याला वाजतगाजत घरापर्यंत पोचवते. डाव्यांच्या माणसाला डावे, उजव्यांच्या माणसाला उजवे. मी इंजिन फिटर. आज माझा शेवटचा दिवस होता आणि सुटायची वेळ झाली तरी माझ्याकडे कुत्रंही फिरकलं नव्हतं. घरी बायकोने शेजाऱ्यांच्या खुर्च्या मागून आणल्या होत्या. सकाळीच म्हणाली होती, "एवढी वर्षं राबलात, आज गल्लीला दिसू दे तरी."

घोडं कुठे पेंड खात होतं ते मला माहीत होतं. मी दोन्हींत नव्हतो. पाळीचे तास कमी करा म्हणालो, तर उजवे म्हणाले, हा डावा. हजेरी लावून झोपणाऱ्याचा दिवस कापा म्हणालो, तर डाव्यांनी मला उजव्यांत ढकललं. मधे वरचा साहेब बदलला. लगेच नवीन मशिनं नकोत म्हणणारे डावे ती आणा म्हणायला लागले आणि आणा म्हणणारे उजवे फाटकात आडवे झाले. मी आपला पहिल्यापासून एकच सांगत होतो, मशिनं आणा पण माणूस काढू नका. त्यापायी दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या, वर दोन्ही डगरींवर हात ठेवणारा म्हणून नाव पडलं. अहो, माझे हात इंजिनात होते!

शेवटी उजव्यांचा पुढारी, तिकीट खिडकीवरचा कारकून, कॅन्टीनमध्ये भेटला. हात मिळवून म्हणाला, "तुमचे लोक कधी निघतायत? आम्ही रस्ता मोकळा ठेवतो."

"माझे कोण?"

"डावे हो. सेक्रेटरी तुमचा मेहुणाच ना?"

मी तसाच वेल्डिंगच्या शेडमध्ये गेलो. मेहुणा तिथे वेल्डर. लहानपणी तो आमच्याच घरी राहायचा, हे काम त्याला मीच लावलं. त्याने तोंडावरचा मुखवटा वर केला. "भावजी, तुम्ही अजून इथेच? मला वाटलं उजवे नेणार तुम्हाला. मागच्या सभेत अगदी त्यांच्यासारखंच बोललात की!"

म्हणजे दोघांनीही मला एकमेकांवर सोडून दिलं होतं. हसायची गोष्ट होती, पण मला हसता येईना. ते त्याला दिसलं असावं.

"थांबा, आत्ता पोरं गोळा करतो. फक्त फाटकाशी एवढं म्हणा, मी पहिल्यापासून डावाच. काय जातंय तुमचं?"

खरंच काय जात होतं? दारात उभी असलेली बायको डोळ्यांपुढे आली, शब्द ओठांवर आले. ते खोटंही नव्हतं, अर्धं खरंच होतं. पण उरलेला अर्धा मी कुठे ठेवू?

"युनियन राहू दे," मी म्हणालो. "घोषणा नकोत, हार नकोत. तू नुसता मेहुणा म्हणून चल. घरापर्यंत."

त्याने शेडबाहेर पाहिलं. त्याची माणसं नळावर हात धुता धुता आमच्याकडेच बघत होती.

"सगळे बघतायत, भावजी. उद्या म्हणतील, सेक्रेटरी उजव्याला पोचवायला गेला." त्याने मान खाली घातली. "ताईला सांगा, येऊन जाईन सवडीने."

फाटकावर वॉचमनने सवयीने विचारलं, "सुटली पाळी?" मी हो म्हणालो. रोजच्या रस्त्याने एकटा चालताना पहिल्यांदाच लाज वाटली. कुणी ओळखीचं दिसलं की मी उगाच दुकानाच्या पाट्या वाचत होतो.

बायको चांगले कपडे घालून दारातच उभी होती. आत खुर्च्या ओळीने मांडलेल्या, शेजारीण कप पुसत होती. बायकोने माझ्या खांद्यावरून मागे गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं.

"अहो, बाकीचे?"

"येतायत मागून," मी म्हणालो आणि बूट काढायला खाली वाकलो, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

तिचा चेहरा फुलला असावा, कारण आवाज तर फुललाच होता. आत वळून ती शेजारणीला म्हणाली, "अगं, ठेव ते कप. एवढ्या खुर्च्या पुरायच्या नाहीत, तुझ्याकडच्या अजून आण."