बरोबरची खूण

अप्पा म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. चाळीस वर्षं शिडीवर उभं राहून त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. दुसऱ्या कुणाच्या पाटीवर अक्षर जरा वाकडं दिसलं की भर रस्त्यात उभं राहून नाक मुरडायचे. बायको होती तोवर ती हाताला धरून ओढून न्यायची. ती गेल्यावर ते काम लेकीकडं आलं. अशा माणसानं अक्षरं कशी रंगवावीत यावर पुस्तक लिहिलं. लेक छापखान्यात पुस्तकं जुळवायची, त्यामुळे ते तिच्याच गळ्यात पडलं. मग काय विचारता.

तिच्या कॉम्प्युटरवर अक्षर नुसतं पकडून लहानमोठं करता येत नसे. मजकुरातच कमांड लिहायची, इथून बोल्ड, इथून तिरपं, इथून बारीक, आणि जिथं थांबायचं तिथं कंस बंद करायचा. सगळ्या पुस्तकाच्या अक्षरांचा साइज मात्र अगदी वरच्या एका ओळीत. तो एक आकडा बदलला की सगळं पुस्तक बदलणार. पहिल्या प्रुफाला तिनं अकरा ठेवला होता.

"याला बोल्ड म्हणतेस?" अप्पांनी कागद नाकाला लावून विचारलं होतं. "हे बारीक अक्षरच आहे, सूज आलेलं."

तिनं बोल्डसाठी वेगळा फॉन्ट शोधून आणला. तेव्हा स्वारी जरा खूश झाली. "पण मोठं छापून आण. डोळ्यांनी नीट बघितल्याशिवाय मी हो म्हणायचा नाही."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. ते दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्यावर बोलत नव्हते. ती आपली आकडा वाढवत राहिली. अकराचे चौदा झाले, चौदाचे अठरा, अठराचे चोवीस. कागदही मोठे घेतले, दुरुस्त्यांसाठी ऐसपैस समास सोडला. सोमवारी गठ्ठा देऊन यायचं, गुरुवारी घेऊन यायचं. चुकीभोवती लाल गोल, आणि पान पास झालं की उजव्या कोपऱ्यात बरोबरची खूण. दोन बोटं खाली, दोन बोटं आत, पाटीवर माप धरायची त्यांची जुनी रीत.

हळूहळू गोल कमी झाले, मग बंदच झाले. सुटले बाई एकदाची, असं तिला वाटलं. खुणा तर प्रत्येक पानावर एकाच जागी. म्हाताऱ्याचा हात अजून कसा बसलेला आहे बघा, असं ती छापखान्यात कौतुकानं सांगत फिरायची.

त्या गुरुवारी डबा उघडून जेवता जेवता ती गठ्ठा चाळत होती. एकसष्टाव्या पानावर तिचा घास हातातच राहिला. साठाव्या पानावरच्या चित्राखालची ओळ तिनं बारीक आणि तिरपी केली होती आणि कंस बंद करायला विसरली होती. तिथून शेवटच्या पानापर्यंत सगळं पुस्तक मुंगीएवढ्या तिरप्या अक्षरात. गठ्ठा निम्मा झाला होता, तोही सोमवारच्या घाईत तिच्या लक्षात आला नव्हता. आणि त्या प्रत्येक पानावर खूण होती, दोन बोटं खाली, दोन बोटं आत.

असलं पान दिसतं तर अप्पांनी फोन करून तिची सालटी काढली असती. तिनं कपाटातून जुने गठ्ठे ओढून काढले. शेवटचा लाल गोल तीन महिन्यांपूर्वीचा होता.

डबा तसाच टाकून ती अप्पांच्या घरी गेली. अप्पा खिडकीशी बसले होते.

"शेवटची पानं कशी वाटली, अप्पा?"

"ठसठशीत. आता छापायला हरकत नाही."

"मुंगीएवढी होती ती. आणि तिरपी."

अप्पांनी मान खाली घातली. ते गुडघा चोळू लागले.

"तू चोवीस केलंस, तेव्हा आठवडाभर थोडं दिसत होतं," ते म्हणाले. "मग तेही गेलं."

"मग सांगितलं का नाही?"

"दर सोमवारी किती हौसेनं यायचीस. 'मोठं केलंय अप्पा, आता बघा.' तुला कुठल्या तोंडानं सांगू, की आता भिंतीएवढं केलंस तरी उपयोग नाही?"

तिला रडू आवरेना. रागही आला होता, स्वतःचाच. "अकरावर होतं तेव्हाच छापून टाकलं असतं तर तुम्ही पुस्तक बघितलं असतं. मी आपली साइज वाढवत बसले."

"हटून तर मीच बसलो होतो," अप्पा म्हणाले. "जाऊ दे. आता बारीक कर. लोकांना वाचायचंय ते."

तिनं कंस बंद केला. वरच्या ओळीतले चोवीस पुसून अकरा लिहिले. पुस्तक शहाण्णव पानांचं झालं.

महिन्याभरानं पहिली प्रत घेऊन ती आली. अप्पांनी ती तळहातावर तोलली, कड चाचपली.

"एवढंच होतं होय?"

"अक्षर बारीक आहे ना, म्हणून. एक शब्दही गाळलेला नाही, अप्पा."

त्यांनी वास घेतला. पहिलं पान उघडलं. त्यावर अगदी वरच्या बाजूला त्यांनीच सांगितलेली अर्पणाची ओळ होती, 'मला रस्त्यातून ओढून नेणारीला'. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, कडेला बोटं लावून माप घेतलं, दोन बोटं खाली, दोन बोटं आत, आणि खूण केली. पण हे पान लहान होतं, समास बोटभरच. खूण सरळ त्या ओळीवर पडली, आणि शेवटचे दोन शब्द तिच्याखाली गेले.

"बरोबर जागी पडली ना गं?"

"हो अप्पा," ती म्हणाली. "अगदी बरोबर जागी."

अप्पांनी पान उलटलं आणि पुढच्या पानाची कड बोटांनी शोधू लागले.